जूनमध्ये बंगालच्या उपसागरातलं वादळ मोठं का होत नाही? पी. कोटेश्वरम यांची गोष्ट

नवतपा संपत आला की मला मामाचा फोन येतो. टीव्हीवर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची पट्टी फिरत असते आणि मामाला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. तुफान येणार की पाणी येणार? आणि सरकी आता टोबायची की थांबायचं? घरात कंप्युटरवाली मी एकटीच, म्हणून हवामान खातंही माझ्याकडेच आलंय.

सुरुवातीला मी मोबाइल ॲपवरचा ढगाचा आयकॉन बघून ठोकून द्यायची. मग एका वर्षी मामाने पहिल्याच सरींवर पेरणी उरकली, नंतर पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणी करावी लागली. बियाणं दुसऱ्यांदा विकत घेणं म्हणजे काय असतं, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको. तेव्हापासून मी हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला लागले.

इंजिनिअरची सवय अशी की उत्तर हवं तर आधी डेटा शोधायचा. नागपुरात सोनेगावच्या विमानतळ परिसरातून हवामान खातं फुगा सोडतं. त्याला रेडिओसोंड नावाचं छोटं यंत्र बांधलेलं असतं. फुगा वर जाताना हवेचा दाब, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा खाली कळवत राहतो. जगभरच्या अशा फुग्यांचा डेटा अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या वेबसाइटवर कुणालाही मोफत बघता येतो. नागपूरचा केंद्र क्रमांक आहे ४२८६७. मी पायथनमध्ये एक साधी स्क्रिप्ट लिहिली आणि साधारण १२ ते १६ किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याचा एप्रिल ते जुलैचा ग्राफ काढला.

ग्राफ बघून मी थबकले. एप्रिलमध्ये तिथला वारा पश्चिमेकडून येत होता. जुलैमध्ये तोच वारा पूर्वेकडून येत होता. मे ते जूनच्या दरम्यान कुठेतरी आपल्या डोक्यावरच्या वाऱ्याने चक्क तोंड फिरवलं होतं. जमिनीवर आपण कुलरमध्ये पाणी भरत असतो आणि आपल्याला याचा पत्ताही नसतो.

हा बदल काय आहे आणि त्याचा वादळाशी काय संबंध आहे, हे शोधताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर आलं. पंचेटी कोटेश्वरम. एमपीएससी किंवा यूपीएससीचा भूगोल केलेल्यांना ते माहीत असेल, मान्सूनच्या सिद्धांतांच्या यादीत एका ओळीपुरतं. त्या ओळीमागचा माणूस कोण होता, ते आज बघू.

ढगात हरवणारे फुगे

कोटेश्वरम यांचा जन्म १९१५ सालचा. त्यांचं कामाचं आयुष्य भारतीय हवामान खात्यात गेलं. त्या काळात वरचा वारा मोजणं म्हणजे काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण त्यांच्या शोधाची किंमत त्यातच आहे.

हायड्रोजन भरलेला एक फुगा सोडायचा. जमिनीवर थिओडोलाइट नावाची दुर्बीण लावून त्याच्याकडे बघत राहायचं आणि ठरावीक वेळाने त्याचा कोन लिहून घ्यायचा. फुगा किती वेगाने वर चढतो हे अंदाजाने ठाऊक असतं. त्यावरून त्रिकोणमिती लावून वारा कुठून कुठे वाहतोय हे काढायचं. पद्धत साधी आणि स्वस्त, पण एक मोठी अडचण होती. फुगा ढगात शिरला की दिसेनासा होतो आणि मोजमाप तिथेच संपतं.

आता विचार करा, जून ते सप्टेंबर भारताच्या आकाशात काय असतं? ढगच ढग. म्हणजे ज्या दिवसांबद्दल सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं, नेमका त्याच दिवसांचा डेटा गायब. आम्ही डेटावाले लोक याला घाबरतो. डेटा नुसता कमी असेल तर चालवून घेता येतं, पण तो एकाच बाजूचा गहाळ असेल तर सगळं चित्रच चुकतं. पावसाळ्यात उंचावर वारा पूर्वेकडून येतो हे जुन्या निरीक्षणांवरून कळत होतं. पण तो किती उंचीवर, किती जोरात आणि किती लांबवर वाहतो याचं नीट चित्र तयार होत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाने ही कोंडी फोडली. उंचावरून उडणाऱ्या बॉम्बर विमानांना जपानच्या आसपास प्रचंड वेगाचे पश्चिमी वारे आडवे आले. शिकागो विद्यापीठात कार्ल-गुस्ताफ रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाऱ्यांचा अभ्यास केला आणि जेट स्ट्रीम हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण त्याला झोतवारा म्हणतो. त्याच सुमारास फुग्याला रेडिओ बांधून त्याचा माग काढण्याची पद्धत पसरली. रेडिओला ढग आडवे येत नाहीत.

कोटेश्वरम तेव्हा तिशी ओलांडलेले होते. नवं साधन हातात आलं होतं आणि प्रश्न जुनाच होता.

आधी हिवाळा, मग उन्हाळा

त्यांनी थेट मान्सूनला हात घातला नाही. १९५३ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी हिवाळ्यात भारत आणि ब्रह्मदेशावरून वाहणाऱ्या झोतवाऱ्याचा सरासरी नकाशा मांडला. पुढच्या वर्षी मान्सूनपूर्व आणि मान्सूननंतरच्या महिन्यांचा. म्हणजे वर्षाचं कोडं त्यांनी एकेका ऋतूने सोडवत आणलं.

या कामातून दिसतं ते असं. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा झोतवारा हिमालयाच्या दक्षिणेकडून, म्हणजे उत्तर भारतावरून वाहतो. त्याचा पसरट दक्षिण काठ आपल्यापर्यंत येतो. माझ्या ग्राफमधला एप्रिलचा पश्चिमी वारा तोच. उन्हाळा तापत जातो तसा हा झोत मंदावत उत्तरेला सरकतो आणि जूनच्या सुमारास हिमालयापलीकडे निघून जातो. जागा रिकामी होते. मग ती कोण भरतं?

याचं उत्तर त्यांनी १९५८ मध्ये दिलं. रॉस्बी यांनीच सुरू केलेल्या टेलस या स्वीडिश नियतकालिकात त्यांचा उष्ण कटिबंधातल्या पूर्वेकडच्या झोतवाऱ्यावरचा निबंध आला. दक्षिण आशियापासून थेट आफ्रिकेपर्यंत, साधारण १४ ते १६ किलोमीटर उंचीवर, उन्हाळी महिन्यांत पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा एक जोरदार झोत आहे, हे त्यांनी दाखवलं. त्याचा मधला पट्टा दक्षिण भारतावरून जातो. वेग कितीतरी वेळा ताशी १५० किलोमीटरच्या घरात जातो. झोतवारा म्हटलं की तो पश्चिमेकडूनच येणार, अशी समजूत असलेल्या काळात ही उलट्या दिशेची नदी सापडली होती.

ती तिथे का आहे याचं कारणही त्यांनी मांडलं. तिबेटचं पठार सरासरी साडेचार किलोमीटरच्या आसपास उंच आहे. उन्हाळ्यात ते तापतं, म्हणजे हवेला मधल्या मजल्यावरच शेगडी लावल्यासारखं होतं. तिथली हवा फुगते आणि उंचावर जास्त दाबाचा डोंगर तयार होतो. त्या डोंगरावरून हवा दक्षिणेकडे घसरते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, तुमचा उजवा हात पश्चिमेकडे असेल. झाला पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा वारा.

उतरंड आणि दोन उलटे वारे

आता मामाच्या प्रश्नाकडे येऊ. या झोताचा वादळाशी संबंध काय?

चक्रीवादळ म्हणजे एक उभी उतरंड समजा, मडक्यावर मडकं रचलेली. खाली गरम समुद्र. त्याची वाफ वर जाते, ढग होतात, आणि वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ही उष्णता वादळाच्या मधोमध, वरच्या भागात साठते. गरम हवा हलकी असते, म्हणून तिच्याखाली समुद्रावरचा दाब आणखी उतरतो. दाब उतरला की आजूबाजूची हवा जास्त जोराने आत धावते, आणखी वाफ आणते, आणखी उष्णता साठते. असं चक्र सुरू झालं की वादळ स्वतःच स्वतःला वाढवत जातं.

पण यासाठी एक अट आहे. उतरंड सरळ उभी राहिली पाहिजे. वरची उष्णता खालच्या केंद्राच्या बरोबर डोक्यावर हवी.

मान्सून स्थिरावला की काय होतं? खाली दीड किलोमीटरच्या आसपास नैर्ऋत्येचा जोरदार वारा, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. वर कोटेश्वरम यांचा झोत, पूर्वेकडून पश्चिमेकडे. खालची मडकी एकीकडे ढकलली जातात, वरची दुसरीकडे. साठलेली उष्णता केंद्रावरून वाहून जाते, बाजूची कोरडी हवा आत घुसते आणि उतरंड उभी राहण्याआधीच कलते. वरच्या आणि खालच्या वाऱ्यातल्या या फरकाला उभी वातकर्तरी म्हणतात. हा फरक सेकंदाला साधारण १० मीटरच्या आत असेल तर वादळाला वाढायला बरं असतं. ऐन मान्सूनमध्ये झोताच्या पट्ट्यात तो याच्या कितीतरी पट होतो.

यावरून वर्षाचं वेळापत्रकही उलगडतं. मार्च-एप्रिलमध्ये वर पश्चिमी वारे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये वर पूर्वेकडचा झोत असतो. यांच्या मधे, मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला, एक जण निघून गेलेला असतो आणि दुसरा पुरता आलेला नसतो. समुद्र मात्र भरपूर तापलेला असतो. ती खिडकी. मान्सून परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उघडते. आपल्याकडच्या चक्रीवादळांचे वर्षात दोन हंगाम आहेत, त्यामागे हे मोठं कारण आहे. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेलं निसर्ग हे याच खिडकीतून आलं होतं.

जे वादळ मोडतं, तेच पाऊस आणतं

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग इथून पुढचा आहे. कारण तो आपल्या विदर्भाचा आहे.

कोटेश्वरम फक्त झोत शोधून थांबले नाहीत. त्याच १९५८ साली सी. ए. जॉर्ज यांच्यासोबत त्यांनी बंगालच्या उपसागरात मान्सूनमधली डिप्रेशन्स कशी तयार होतात यावर निबंध लिहिला, आणि १९६३ मध्ये भास्कर राव यांच्यासोबत त्यांच्या रचनेवर. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की वरच्या पूर्वेकडच्या प्रवाहात जिथे हवा फाकते, तिथे खालच्या हवेला वर यायला वाट मिळते. ही फाकलेली जागा उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यावर आली की खाली डिप्रेशन जन्म घेतं. म्हणजे वरचा वारा दोन कामं करतो. तो खालच्या हवेला वर ओढून डिप्रेशन जन्माला घालायला मदत करतो, आणि तोच त्याचं चक्रीवादळ होऊ देत नाही.

हवामान खात्याच्या व्याख्येत डिप्रेशनमधला वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असतो. ६२ ओलांडला की चक्रीवादळ. मान्सूनमधली बहुतेक डिप्रेशन्स हा पल्ला गाठत नाहीत. ती ओडिशाचा किनारा ओलांडतात आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश अशी वायव्येकडे चालत येतात. शिवाय त्यांचा पाऊस केंद्राभोवती गोल पसरलेला नसतो. सगळ्यात जोरदार पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. आता नकाशा काढा. डिप्रेशन छत्तीसगडवर असताना त्याच्या नैर्ऋत्येला कोण बसलंय? गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर. आपण.

म्हणून डिप्रेशन हलकं घेऊ नका असंही सांगते. वारा कमी असला तरी पाणी कमी नसतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर पूर्व विदर्भाने बघितलाय, आणि तेव्हा कुठलंही चक्रीवादळ आलेलं नव्हतं.

माणूस आणि खुर्ची

कोटेश्वरम यांनी भारताबाहेरच्या वादळांवरही काम केलं. १९६७ मध्ये अमेरिकेच्या मंथली वेदर रिव्ह्यूमध्ये हरिकेनचा वरचा भाग, म्हणजे अगदी शेवटच्या थरापर्यंतची रचना कशी असते, यावर त्यांचा लांबलचक निबंध आला. बघा, माणसाची नजर शेवटपर्यंत वरच्याच मजल्यावर होती.

१९६९ मध्ये ते हवामान खात्याचे महासंचालक झाले आणि १९७५ पर्यंत त्या खुर्चीवर होते. ती सहा वर्षं सोपी नव्हती. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आलं. मृतांचे अंदाज तीन ते पाच लाखांपर्यंत जातात. ऑक्टोबर १९७१ मध्ये ओडिशात चक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसं गेली. १९७२ मध्ये उलट झालं, पाऊसच आला नाही. त्या दुष्काळाच्या आठवणी महाराष्ट्रात आजही घराघरात सांगितल्या जातात.

तारखा नीट बघा. दोन्ही मोठी वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, म्हणजे वरचा झोत निघून गेल्यानंतरच्या खिडकीतली. ती खिडकी का उघडते हे उलगडण्यात आयुष्य घालवलेला माणूस त्या वेळी खात्याच्या प्रमुखपदी होता. ज्ञान होतं, पण वादळावर नजर ठेवायची साधनं आणि माणसांपर्यंत पोचणारा इशारा या वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्या उभारायला वेळ लागतो. किनाऱ्यावर वादळ हेरणारं देशातलं पहिलं रडार १९७० मध्ये विशाखापट्टणमला बसलं. १९७३ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघाने मिळून समुद्रावर जहाजं पाठवून मान्सूनचा प्रयोग केला. दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीतलं.

१९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. जागतिक हवामान संघटनेचे ते उपाध्यक्षही होते. १९९७ मध्ये ते गेले. मी तेव्हा नुकतीच जन्मले असेन. त्यांनी कागदावर हाताने आखलेली वाऱ्याची रेघ आज माझी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट काही सेकंदांत काढते. पण त्या रेघेत काय बघायचं, हे त्यांनीच सांगून ठेवलं नसतं तर माझ्यासाठी तो नुसता वर-खाली होणारा ग्राफ होता.

नियम आहे, हमी नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वरचा झोत वादळाची शक्यता कमी करतो, शून्य करत नाही. जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय अनेक दिवस रेंगाळलं आणि १५ जूनला कच्छच्या किनाऱ्यावर आलं. त्या वर्षी मान्सूनही उशिरा आला होता. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलेल्या डिप्रेशनचं आसना चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये असं होण्याची ही १९७६ नंतरची पहिली वेळ. गेल्या काही दशकांत पूर्वेकडचा झोत मंदावल्याचं काही अभ्यास दाखवतात. तो खरंच मंदावत गेला तर जुलै-ऑगस्टच्या डिप्रेशन्सना आज असलेली वेसण ढिली होईल, आणि ही गोष्ट फक्त किनाऱ्यापुरती उरणार नाही.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर नागपूरचा फुगा उघडा. २०० आणि १५० हेक्टोपास्कल दाबाच्या ओळी शोधा, म्हणजे साधारण १२ आणि १४ किलोमीटर. वाऱ्याची दिशा अंशात दिलेली असते. २७० च्या आसपास असेल तर वारा पश्चिमेकडून, ९० च्या आसपास असेल तर पूर्वेकडून. एका दिवसाचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका, आठवडाभर बघा. आणि इशारा मात्र हवामान खात्याचाच ऐका. स्क्रिप्ट समजून घेण्यासाठी आहे, निर्णय घेण्यासाठी नाही.

यंदाही मामाचा फोन आला. मी ग्राफ बघितला, खात्याचं बुलेटिन वाचलं आणि सांगितलं की वरचा वारा फिरलाय, तुफानाची भीती कमी आहे, आलंच तर पाणी येईल. पण उपसागरात काहीतरी तयार झालं म्हणजे आपल्या वावरात ओल झाली असं होत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन नीट भिजल्याशिवाय सरकीची पिशवी उघडू नको, असं त्याला दोनदा बजावलं. तो हो म्हणाला आणि लगेच विचारलं, तो पाऊस कोणत्या तारखेला पडेल.

त्याचं उत्तर ग्राफमध्ये नव्हतं.